मनगट फिरत नाही

भोपाळच्या हॉकीचं कौतुक करताना जुने प्रेक्षक हटकून मनगटाचं नाव घेतात. ऐशबाग स्टेडियमवर ओबैदुल्ला खाँ सुवर्णचषकाचे सामने पाहत वाढलेल्या कुणाशीही बोला, अमक्याचं मनगट काय फिरायचं, हे लगेच ऐकायला मिळतं. या शहराने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला अहमद शेर खाँ दिले आणि १९७५च्या विश्वचषकाला त्यांचे चिरंजीव अस्लम शेर खाँ. क्वालालंपूरला मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत मागे पडला होता. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या अस्लम यांनी सामना संपत आलेला असताना पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली, आणि पुढे भारताने तो विश्वचषक जिंकला. त्या पिढीच्या खेळाचं सगळं श्रेय लोकांनी मनगटाला देऊन टाकलं आहे. शरीररचनेच्या हिशेबाने मात्र मनगट फिरतच नाही.

हे लगेच तपासून पाहता येतं. डाव्या हाताने उजव्या हाताची दोन्ही हाडं मनगटाच्या जरा वर घट्ट आवळून धरा आणि उजवा तळवा वरून खाली फिरवायचा प्रयत्न करा. तळवा वर उचलेल, खाली वाकेल, अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे थोडा झुकेल; पण फिरणार नाही. आता पकड सोडा. तळवा सहज उलटा होतो. म्हणजे फिरण्याचं काम मनगटाच्या वर कुठेतरी चालतं.

ते चालतं कोपराखाली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. अल्ना कोपराशी जाड आणि मनगटाशी बारीक, रेडियसचं नेमकं उलट. रेडियसचं कोपराकडचं टोक चकतीसारखं गोल आहे. अल्नाच्या बाजूला त्यासाठी एक खाच आहे आणि उरलेल्या बाजूंनी एक चिवट अस्थिबंध त्या टोकाला वेढा घालून बसला आहे. त्या वेढ्यात रेडियसचं डोकं जागच्या जागी फिरतं. तळवा आकाशाकडे असताना दोन्ही हाडं समांतर असतात. तळवा जमिनीकडे वळवला की रेडियस अल्नाला ओलांडून तिरकं जातं आणि सोबत सगळा पंजा घेऊन जातं. कोपर काटकोनात दुमडून अंगाला लावा, दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या बाहेरच्या टेंगळाच्या किंचित खाली ठेवा आणि तळवा उलटसुलट करा. बोटाखाली गरगर फिरणारं जे कडक गोल लागतं तेच रेडियसचं डोकं. याला खुंटीचा सांधा म्हणतात.

हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि पाठीमागच्या गोलसर बाजूने चेंडू खेळता येत नाही. चेंडू उजवीकडून डावीकडे न्यायचा तर स्टिक सरळ. डावीकडून उजवीकडे आणायचा तर स्टिक उलटी करावी लागते. प्रतिस्पर्ध्यासमोर चेंडू झपाझप दोन्हीकडे हलवायचा म्हणजे दर ठोक्याला स्टिक अर्धा फेरा फिरली पाहिजे. वरच्या टोकाला धरलेला डावा हात ती फिरवतो. खालचा उजवा हात सैल असतो, स्टिक त्याच्या पकडीत नुसती घरंगळते. कोपराखालच्या भागाची एकूण फिरत साधारण १६० ते १७० अंश आहे. राहिलेलं बोटं आणि खांदा भरून काढतात. मग मनगट काय करतं? चेंडूला शेवटचा झटका देतं, त्याला उचलतं, दिशा किंचित मोडतं. ते कामही मोठं आहे. दोन रांगांत बसलेली आठ छोटी हाडं आणि लंबगोल बैठक यांमुळे मनगट वरखाली आणि आडवं दोन्हीकडे झुकू शकतं. पण स्टिक उलटवणारी कळ कोपराजवळ आहे. प्रशिक्षकांनी मुलांना हे बोट ठेवून दाखवावं असं मला फार वाटतं. हालचाल कुठून होते हे कळलं की हात उगाच ताठ राहत नाही.

रेडियसच्या डोक्याभोवतीच्या त्या वेढ्याची एक नाजूक बाजू लहान मुलांच्या आईवडिलांना माहीत असलीच पाहिजे. चार-पाच वर्षांपर्यंत हा अस्थिबंध सैल असतो. रस्ता ओलांडताना मुलाचा हात हिसकला, किंवा दोन्ही हातांना धरून त्याला गंमत म्हणून झुलवलं, तर रेडियसचं डोकं वेढ्यातून अर्धवट निसटतं. मूल हात किंचित दुमडून, तळवा खाली करून अंगाशी धरून ठेवतं आणि हलवायला तयार होत नाही. सूज बहुधा नसते, म्हणून मोठ्यांना वाटतं नाटक करतंय. जाणकार डॉक्टर ते क्षणात जागेवर बसवतात, पण घरी खेचाखेच करू नये. मुलाला उचलायचं तर काखेत हात घालून उचलावं.

कोपराचा दुसरा सांधा, म्हणजे दंडाचं हाड आणि अल्ना यांच्यातला, बिजागरीचा. तो एकाच पातळीत उघडतो आणि मिटतो, त्याहून जास्त काही नाही. म्हणूनच तो भक्कम आहे. सांध्यांचा अभ्यास करताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हाडांच्या टोकांचा आकार जितका एकमेकांत घट्ट बसेल तितकी मजबुती जास्त आणि मोकळीक कमी. शरीराने प्रत्येक ठिकाणी गरजेप्रमाणे हा व्यवहार वेगळा केलेला आहे.

खांद्यापाशी त्याने जवळजवळ सगळी मजबुती देऊन मोकळीक घेतली. खांदा उखळीचा सांधा म्हणून शाळेत शिकवतात, पण ती उखळ इतकी उथळ आहे की बशीत लिंबू ठेवावं तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं तिच्यावर टेकलेलं असतं. एका वेळी त्या डोक्याचा तिसरा हिस्साही बैठकीला लागत नाही. त्याला जागेवर ठेवतात ते चार स्नायू, ज्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. बदल्यात हात पुढे, मागे, बाजूला, डोक्यावर, गोल, कुठेही जातो. त्यातही एकटा खांद्याचा सांधा पुरत नाही. हात बाजूने वर नेऊन कानाला लावेपर्यंत १८० अंश होतात. त्यांतले सुमारे १२० अंश खांद्याचे, उरलेले ६० पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचे. ते बरगड्यांवरून सरकत तिरकं होतं. ज्यांना हात वर नेताना दुखतं त्यांनी खांद्याबरोबर हे फऱ्याचं हाड नीट सरकतं आहे का, हेही तपासून घ्यावं.

भोपाळच्या बड्या तलावावर सकाळी कयाक आणि कनू चालवणारी मुलं दिसतात. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यात खांदा, फऱ्याचं हाड आणि पाठीचा पिळा एका ओळीत काम करतात. प्राची यादव याच शहरात सराव करून टोकियो पॅरालिंपिकमध्ये पॅरा-कनूच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांच्या गटातल्या शर्यतीत पायांचा जोर नसतो, सगळी नाव हात आणि धड पुढे नेतात. आणि एवढा मोठा कारभार करणारा अख्खा हात उरलेल्या सांगाड्याला हाडाने कुठे जोडलेला आहे? फक्त एका ठिकाणी. कॉलरबोन आणि छातीच्या मधल्या हाडाचा सांधा, गळ्याखालच्या खळगीच्या कडेला बोट ठेवलं तर लागणारा. खांदा उडवून पाहा, तो बोटाखाली हलतो. बाकी सगळं स्नायूंवर टांगलेलं आहे.

कॉलरबोनवरून हथनोऱ्याकडे जावंच लागतं. भोपाळच्या दक्षिणेला, सीहोर जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर काठावर हे गाव आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या अरुण सोनकिया यांना तिथल्या नदीकाठच्या गोट्यांच्या थरात मानवी कवटीच्या वरच्या भागाचा उजवा अर्धा तुकडा मिळाला. आपल्या देशात सापडलेला मानवाचा इतका जुना अवशेष दुसरा नाही. पुढे याच परिसरात मानवशास्त्रीय सर्वेक्षणातले अनेक राम सांख्यान यांना अश्मीभूत कॉलरबोन मिळालं. त्याचा वृत्तान्त १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्मदामानव नेमका कोणत्या जातीत बसवायचा यावर अभ्यासकांत वाद झाले. आधी तो होमो इरेक्टस मानला गेला, नंतर पुष्कळांनी आद्य होमो सेपियन्सच्या बाजूने कौल दिला.

अशा कवटीत अभ्यासक जे बारकाईने पाहतात त्यांत सांधेही असतात. कवटी एकसंध वाटते, पण ती अनेक चपट्या हाडांची आहे आणि त्यांच्या कडा नागमोडी, दातेरी रेषांनी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक रेषा डोक्यावर कानापासून कानापर्यंत, एक मधोमध पुढून मागे, एक मागच्या बाजूला. हे अचल सांधे. प्रौढ वयात त्यांत हालचाल नसते, आणि वय वाढतं तशी त्या रेषा हळूहळू आतून भरून बुजू लागतात. त्यामुळे कवटी कोणत्या वयाच्या माणसाची, याचा ढोबळ अंदाज त्यांवरून बांधता येतो. ढोबळच, कारण माणसागणिक हा वेग फार वेगळा असतो. सुश्रुतसंहितेत शरीरातले सांधे २१० सांगितले आहेत, त्यांचे चल आणि स्थिर असे दोन भाग केले आहेत आणि पुढे आकारावरून आठ प्रकार पाडले आहेत. कवटीच्या सांध्यांना तिथे वेगळा वर्ग दिला आहे, शिवणीचा.

जन्मताना मात्र हे अचल सांधे चांगलेच चल असतात. बाळाचं डोकं जन्ममार्गातून येताना कवटीची हाडं एकमेकांवर किंचित चढतात आणि डोक्याचा घेर कमी होतो. नवजात बाळाचं डोकं लांबुळकं दिसलं की आजी तेलाचा हात फिरवते. ते काही दिवसांत आपोआपच गोल होतं. हाडांचे कोपरे जिथे अजून भेटलेले नाहीत तिथे मऊ पडदा असतो, तीच टाळू. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. टाळू उडते ती आतल्या नाडीच्या ठोक्यामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती खोल गेली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं, आणि बाळ शांत असतानाही ती ताणून फुगलेली राहिली तर तातडीने डॉक्टरांकडे न्यायला हवं. हे सांधे उघडे असतात म्हणून मेंदूला वाढायला जागा मिळते. एखाद्या बाळात एखादी शिवण वेळेआधी जुळली तर डोकं त्या दिशेने वाढत नाही, दुसरीकडे फुगतं, आणि काही वेळा शस्त्रक्रिया करून ती मोकळी करावी लागते. स्थिर सांध्याचं काम स्थिर राहणं एवढंच असतं, असं वाटणाऱ्याने पहिल्या दोन वर्षांतली कवटी पाहावी.

मानेकडे आलं तर दोनच मणक्यांत केवढी विभागणी आहे! डोकं आणि पहिला मणका यांच्या सांध्यावर आपण होकार देतो. पहिला आणि दुसरा यांच्या खुंटीच्या सांध्यावर नकार. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता या एकाच जोडीत आहे. त्याखालच्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या आहेत, एकूण २३. प्रत्येक चकती थोडंसंच वाकू देते, पण सगळ्यांची बेरीज मोठी होते. दिवसभराच्या भाराने त्या थोड्या दबतात आणि रात्री पुन्हा पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो.

मोकळ्या सांध्यांच्या आत काय असतं ते आता पाहू, कारण पुढच्या गुडघ्याच्या गोष्टीला ते लागणार आहे. हाडांच्या टोकांवर दोन-चार मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवी, पिशवीच्या आतल्या अस्तरातून झिरपणारा घट्टसर द्रव. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम काही मिलिलिटर असतो, तरी कूर्चेवर कूर्चा सरकताना घर्षण बर्फावर बर्फ घासण्याहून कमी होतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिला अन्न मिळतं ते याच द्रवातून, आणि तेही भार पडून ती दबली आणि भार सुटून पुन्हा फुलली तरच नीट मिळतं. सांधा दुखतो म्हणून महिनोनमहिने हलवलाच नाही तर कूर्चा उपाशी राहून पातळ होते. कूर्चेत मज्जातंतूही नाहीत, म्हणून तिची झीज बराच काळ कळत नाही. दुखू लागतं तोवर आजूबाजूचं हाड आणि अस्तर त्यात ओढलं गेलेलं असतं.

बोटं मोडल्यावर कट्‌ आवाज येतो त्याची काळजी मात्र सोडून द्यावी. सांधा ताणला की द्रवातला दाब एकदम घटतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे एमआरआयवर टिपलं. वायू पुन्हा विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नास वर्षं एकाच हाताची बोटं मोडली आणि १९९८ मध्ये कळवलं की संधिवात दोन्ही हातांना नाही.

सांध्यांच्या आतून बाहेर येऊन ते नुसत्या नजरेने कसे दिसतात ते पाहायचं, तर भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी, माळव्यातल्या मराठी घरातल्या या चित्रकार-पुरातत्त्वज्ञाने, आगगाडीतून जाताना तिथले खडक पाहिले आणि उतरून शोध घेतला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वी. एन. मिश्र यांनीही पुढे तिथे उत्खनन केलं, आणि २००३ मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. शिकारी आणि नाचणारे लोक तिथल्या खडकांवर चार-सहा रेषांत काढलेले आहेत. चेहरा नाही, बोटं नाहीत, पण रेघ मोडते ती कोपरात, खुब्यात आणि गुडघ्यात. धनुष्य ओढणारा आणि फेर धरणारा वेगळे ओळखू येतात ते एवढ्यावरूनच. मला त्या चित्रकारांची नजर शरीररचनेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकी आदरणीय वाटते.

खुबा हाही उखळीचाच सांधा, पण खांद्याच्या अगदी उलट स्वभावाचा. खळगा खोल, कडेला कूर्चेची झालर, आणि पुढून शरीरातला सर्वांत मजबूत अस्थिबंध. शरीराचा भार पेलायचा म्हणून इथे मोकळीक थोडी कापली आहे. तरीही मांडी घालायला लागणारं बाहेरच्या दिशेचं वळण तो देतो.

गुडघा बिजागरीचा म्हणतात, आणि शाळेपुरतं ते ठीक आहे. खरं तर तो थोडा फिरतोही, मात्र वाकलेला असतानाच. पाय सरळ करताना शेवटच्या काही अंशांत नडगीचं हाड किंचित बाहेरच्या बाजूला वळतं आणि सांधा कुलूपबंद होतो; म्हणून आपण स्नायूंना फारसं न शिणवता उभे राहू शकतो. वाकायच्या आधी गुडघ्यामागचा पॉप्लिटियस नावाचा छोटा स्नायू हे कुलूप उघडतो. हॉकीतला प्रशिक्षक सारखा 'गुडघे वाकव' म्हणून ओरडतो त्याचं कारण इथे आहे. ताठ गुडघा दिशा बदलू शकत नाही. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, चेंडू वेगवान झाला आणि खेळाडू आणखी खाली वाकले. पाऊल मैदानाला चिकटून राहिलं आणि वरचं अंग वळलं तर तो पिळा गुडघ्यातल्या अस्थिबंधावर येतो, आणि तो तुटला की खेळाडूचं अख्खं वर्ष जातं.

घोटाही वरखाली हलणारा बिजागरीचाच, पण त्यातलं घोट्याचं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. पाऊल वर उचललं की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो, टाच उचलली की अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. जिना उतरताना, उंच टाचांच्या चपलेत किंवा उडीनंतर पाय मुरगळतो तो याच स्थितीत. उकिडवं बसताना याच्या उलट घडतं. नडगीच्या हाडाची पुढची कड घोट्याच्या हाडाच्या मानेला जाऊन टेकते. जे लोक रोज तसे बसतात त्यांच्या हाडांवर तिथे छोटे गुळगुळीत टेक तयार होतात. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबातल्या लोकांच्या हाडांवर ते पाहिले आणि १८९३ मध्ये त्यावर लिहिलं. तेव्हापासून उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांवर ते टेक आहेत का, हे अभ्यासक आवर्जून पाहतात.

चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकावा लागतो, जिना चढायला आणि खुर्चीवरून उठायला नव्वदच्या आसपास. उकिडवं बसायला मात्र १३० अंशांच्या पुढे. भोपाळच्या ताजुल मसाजिदीत नमाजाला बसणाऱ्या आजोबांना आणि देवघरापुढे बसणाऱ्या आजींना वाकणारा गुडघा सारखाच हवा असतो. कृत्रिम गुडघा बसवल्यावर बहुतेकांना चालणं, जिना आणि खुर्ची यांपुरतं वाकणं व्यवस्थित परत मिळतं. त्यापुढचं सगळ्यांना मिळत नाही. जास्त वाकणारे गुडघे काही कंपन्यांनी बनवले आहेत. पण शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे कृत्रिम सांध्याच्या घडणीपेक्षा, शस्त्रक्रियेआधी तो किती वाकत होता यावरच जास्त अवलंबून असतं. म्हणून दुखणाऱ्या गुडघ्याला वर्षानुवर्षं ताठ ठेवून मग डॉक्टरांकडे जाणाऱ्यांना, जमिनीवर पुन्हा बसता यावं ही इच्छा असेल, तर वाकवण्याचे व्यायाम शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू करायला हवेत.